बिवळ्याचा पेला

"तुझ्या पेशी जेवल्या का गं?"

मामांचा हा नेहमीचा प्रश्न. मी अंगणात पाऊल टाकलं रे टाकलं की यायचा. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या बशांमध्ये पेशी वाढवते, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालते, सणावाराला घरी न येता त्यांच्यापाशी थांबते, याची त्यांना भारी गंमत वाटे. लग्न लांबवून बसलेल्या भाचीची ही असली लेकरं, असं ते गावभर सांगत.

"जेवल्या," मी म्हणाले. "तुम्ही जेवलात का?"

मामा नुसते हसले. माघातलं कोवळं ऊन अंगावर घेत ते बाजेवर बसले होते. दिवाळीनंतर मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही उतरले होते, पण आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. पुढ्यात ताट होतं. ताटात उकडलेलं कारलं आणि मेथीचा पाला. चतकोर भाकरीचाही पत्ता नव्हता. ताटाशेजारी बिवळ्याचा पेला ठेवलेला होता.

आमच्या भागात मधुमेह झाला की बिवळ्याच्या लाकडाचा कोरलेला हा पेला आधी घरात येतो, डॉक्टर नंतर. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं. सकाळी ते चहाच्या रंगाचं होतं, उन्हात धरलं तर कडेला निळी झाक मारतं, आणि तुरट इतकं की जीभ टाळ्याला चिकटते. झाडं आपल्या सालीत, लाकडात, बियांत असली तुरट द्रव्यं साठवतात, त्यांना आम्ही पॉलिफेनॉल म्हणतो. त्यांचं आणि साखरेचं नातं काय, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. विषय कुठून सुचला असं कुणी विचारलं की मी मोठमोठी नावं सांगायचे, पण सुचला होता तो मामांच्या या पेल्यावरून.

माझे केरबा मामा म्हणजे वेदगंगेच्या काठावरचे नावाजलेले गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे चुलवाणावरच्या भल्यामोठ्या कढईतला, रस कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. जरा आधी उतरवला तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर गूळ करपट लागतो. मामांना पंचक्रोशीतून बोलावणं येई. जन्मभर गरम गूळ बोटावर घेऊन चाखलेल्या माणसाला मधुमेह झाला तेव्हा लोकांनी थट्टा केली. कॅन्सर झाला तेव्हा कुणाला थट्टा सुचली नाही.

मी आले होते ती सर्जादादाच्या फोनमुळे. सर्जेराव हा मामांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मामांची केमोथेरपी सुरू व्हायची होती, पण डॉक्टरांनी वजन बघून तारीख पुढं ढकलली होती. आणखी उतरले तर त्यांना औषध झेपणार नाही, मग आपल्याला काही करता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि दादा फोनवर मला म्हणत होता, तुझ्या प्रयोगशाळेतला बिवळ्याचा अर्क घेऊन ये.

तेवढ्यात तो गुऱ्हाळाकडून आलाच. हाताला चुन्याचे डाग, डोळे धुरानं लाल.

"आणलास का?"

"नाही आणला. आणणारही नाही."

"का? बाहेरच्यास्नी द्यायचा न्हाई असा नेम हाय?"

"माणसांनाच द्यायचा नाही असा आहे."

त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून पेपरचं कात्रण. प्लास्टिकमध्ये घालून जपलेलं. मी ते ओळखलं. विद्यापीठातल्या कार्यक्रमात मी माझ्या कामाविषयी बोलले होते आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोसकट मथळा आला होता, 'बिवळ्यापुढे कॅन्सर उपाशी'. मी त्या वार्ताहराला फोन करून झाप झाप झापलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, लोक खूश आहेत, तुम्ही कशाला विरजण घालता?"

"मला अडाणी समजू नगंस," दादा म्हणाला. "कॅन्सरच्या पेशी साखर खात्यात. बरोबर?"

"बरोबर. अधाशासारख्या खातात."

"आन् बिवळ्याचं पाणी घातलं की कमी खात्यात."

"काचेच्या बशीत."

"मग झालं की!"

"झालं नाही, दादा. तेच पाणी मी स्नायूंच्या पेशींना घालते तेव्हा त्या उलट जास्त साखर खातात. म्हणून तर मधुमेहाला ते बरं म्हणतात. एकच पाणी एकीकडं दार लावतं आणि दुसरीकडं उघडतं. माणसाच्या अंगात गेल्यावर ते कुठलं दार लावेल, मला ठाऊक नाही. नीट कुणालाच अजून ठाऊक नाही. आणि मी बशीत घालते तेवढं रक्तात पोचायचं तर मामांना काहीलभर काढा प्यावा लागेल."

"मग काहीलभर पाजतो."

तो चेष्टा करत नव्हता. तेव्हा मला कळलं, की पेल्यात नुसतं मुरलेलं पाणी नव्हतं. दादा बिवळ्याचं लाकूड ठेचून, उकळून, आटवून त्याचा काढा करत होता आणि पेला भरभरून मामांना देत होता.

"आणि भाकरी का बंद केलीस?"

"भाकरीची बी पोटात साखरच हुती. तूच सांगितल्यालंस."

"अरे, माणसाला उपाशी ठेवून कॅन्सर उपाशी मरत नाही! तो अंगातलं मांस तोडून खातो. आधी माणूस संपतो. डॉक्टरांनी काय सांगितलं, वजन वाढवा म्हणून ना?"

"डॉक्टर म्हंत्यात बघू. तू म्हंतीस ठाऊक न्हाई." दादाचा आवाज चिरकला. "मग मी काय करू? नुसता बघत बसू?"

तेवढ्यात मामांनी पेला उचलला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. तोंडाचा एक स्नायू हलला नाही. मला ते पाणी चाखायची सवय होती, तरी माझ्याच्यानं तो एक घोट गेला नसता.

"झालं," ते म्हणाले. "भांडू नगासा. सर्जा, काहील चढवून आलाईस न्हवं? उतरायच्या वक्ताला गुळव्या जाग्याला पायजे. जा."

दादा रिकामा पेला घेऊन उभा राहिला, बापाच्या तोंडाकडं एकदा निरखून बघितलं, आणि गेला. त्याचा गुळव्या म्हणून हा पहिलाच हंगाम होता. मामा आजारी पडले नसते तर तो अजून काही वर्षं जळव्याच राहिला असता, चुलवाणात चिपाडं ढकलत.

"कसा काढतोय गूळ?" मी विचारलं.

"मला काय ठावं?" मामा हसले. "चाखाय कोण देतंय?"

मी तावातावानं स्वयंपाकघरात गेले. दादाची बायको वैजयंता चुलीपुढं बसली होती. मी तिला म्हटलं, वहिनी, आत्ताच्या आत्ता भाकरी थापा, दादाला काय सांगायचं ते मी बघते. ती लगेच उठली, जणू कुणीतरी हे म्हणायचीच वाट बघत होती. पीठ मळता मळता तिनं सांगितलं, की दादानं घरातली साखर, गूळ, काकवीचा डबा, पोरांची बिस्किटंसुद्धा बाहेर काढलीत. पोरांनी आजोबांपुढं खायला नको म्हणून त्यांना आजोळी धाडलंय. चहासुद्धा सगळे बिनसाखरेचा पितात.

"आन् मामंजी काय बी बोलत न्हाईत," ती म्हणाली. "देईल ते गप खात्यात."

"मधुमेहाची गोळी चालू आहे ना?"

"हाय की. ती कशी चुकवीन? सकाळ-संध्याकाळ माझ्या हातानं देतीया."

माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती. ती वाजायच्या आतच बाहेरून मामांची हाक आली. "आक्का! आक्का, बैलं सुटली!"

आक्का म्हणजे माझी आई. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मामांकडे बैल तर कधीचे नव्हते.

मी धावले. मामा बाजेवर अर्धवट उठले होते. थंडीच्या दिवसांत त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते, नजर माझ्या पलीकडं कुठंतरी लागली होती. मी धरायच्या आत ते आडवे झाले. मी हाका मारल्या, गालावर चापट्या दिल्या. हूं नाही की चूं नाही.

रोजची गोळी पोटात आणि पोटात अन्न नाही. वर तो काढा, त्यानं काय भर घातली असेल कोण जाणे. अंगातली साखर तळाला गेली होती. असा माणूस थोड्याच वेळात हाताबाहेर जातो.

"वहिनी, साखर! काहीही गोड आणा!"

वैजयंतानं तोंडावर हात घेतला. घरात काहीच नव्हतं. शेतातली एकटी वस्ती, शेजार नाही, दुकान गावात. पंचक्रोशीला गूळ पुरवणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या ओठाला लावायला चिमूटभर गोड नव्हतं.

मामांना कुशीवर वळवलं, वैजयंताला म्हटलं असंच धरून ठेवा, तोंडात पाणी घालू नका, आणि मी उसाच्या फडातून गुऱ्हाळाकडं पळत सुटले. पाती तोंडावर सपासप लागत होती. मी आयुष्यात एवढी कधी पळाले नाही.

दादा काहिलीपाशी उभा होता. काहीलभर फेस चढला होता आणि तो लांब दांड्याच्या फावड्यानं रस हलवत होता.

"काकवी दे!"

"कुणाला?"

"मामांना. शुद्ध गेलीय. साखर उतरलीय त्यांची."

त्याचं फावडं थांबलं. मी त्याचा तो चेहरा अजून विसरलेले नाही. कॅन्सरच्या तोंडचा घास काढून घेतोय अशा श्रद्धेनं त्यानं घरातला दाणा न् दाणा बाहेर फेकला होता, आणि मी त्याला म्हणत होते, आता तूच आपल्या हातानं त्यांना गोड भरव.

"शालन, साखर कशी देऊ? त्या गाठीला..."

"दादा, मामा चाललेत! गाठीचं नंतर बघू!"

सकाळच्या काहिलीतली काकवी, गूळ व्हायच्या आधीचा दाट पाक, कुणा गिऱ्हाइकासाठी एका तपेल्यात काढून ठेवली होती. दादानं फावडं जळव्याच्या अंगावर टाकलं, तपेलं उचललं आणि माझ्या पुढं पळाला. मागं काहील उतू चालली होती. उतरायला आलेली काहील सोडून गुळव्या गेला, असं आमच्या गावात त्याआधी कधी झालं नव्हतं.

"घोट देऊ नकोस, श्वासात जाईल," मी धापा टाकत सांगितलं. "बोटावर घे आणि गालाच्या आतून, हिरड्यांना चोळ."

दादानं बाजेवरच बसकण मारली. बापाचं डोकं मांडीवर कुशीला घेतलं. काकवीत बुडवलेलं बोट त्यांच्या ओठांच्या आत घातलं आणि चोळत राहिला. पुन्हा बुडव, पुन्हा चोळ. तोंडानं काही बोलत नव्हता, पण नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी मनगट धरून बसले होते. नाडी लागत होती, एवढंच. वैजयंतानं गुऱ्हाळातून मागोमाग आलेल्या गड्याला कुणाचीतरी जीप बोलवायला पिटाळलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मामांची जीभ हलली. बोटावरची काकवी त्यांनी चाटली. पुन्हा चाटली. गिळल्याचं मला गळ्यावर दिसलं. पापण्या थरथरल्या, डोळे उघडले, आणि नजर हळूहळू येऊन दादाच्या तोंडावर थांबली. ओठ हलले. आम्ही तिघंही खाली वाकलो.

"जरा फुडं गेलीया," मामा म्हणाले.

"काय म्हंतायसा, आबा?"

"काकवी. थोडी आधी काढाय पायजे हुती." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पर रंग चांगला धरलाईस."

दादा लहान पोरासारखा हमसून रडला. हंगामभर त्याच्या गुळाला बापानं हात लावला नव्हता, कारण त्यानंच लावू दिला नव्हता.

जीप येईपर्यंत वैजयंतानं केलेली भाकरी मामांनी दुधात कुस्करून खाल्ली. गारगोटीच्या दवाखान्यात सलाईन लावलं. त्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी दादाला सगळ्यांदेखत खडसावलं. काढा बंद, जेवण चालू, गोळी आता आम्ही सांगू तेवढीच. दादा मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग जो बाहेर पायरीवर जाऊन बसला, तो आत येईना.

सकाळी मी मामांना चहा पाजत होते. साखर घातलेला.

"मामा, भूक लागत नव्हती का तुम्हाला?"

"लागायची की. लई लागायची. सपनात भाकरी भाजल्याचा वास यायचा."

"मग बोलला का नाहीत? तुम्हाला तरी त्या काढ्याचा भरवसा होता का?"

"छ्या. खुळी का काय तू?" त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "तुझी मामी गेली तवा सर्जा गूळ घेऊन कोल्हापूरला मार्केट यार्डात गेल्याला. परत आला तवर सगळं आटपल्यालं. आईच्या तोंडात पाणी घालाय बी त्याला घावलं न्हाई. भितीला टेकून आपलंच हात बघत बसला हुता. कितीतरी दिस तसाच. कामाला जायाचा, आला की हात बघत बसायचा."

मला ते आठवत होतं. आम्ही सगळे म्हणालो होतो, सर्जा खचला.

"आता त्याच्या हाताला काम घावलंय बघ. पहाटं उठून लाकूड ठेचतोय, काढा उकळतोय, गाळतोय. प्याला घेऊन आला की माझ्या तोंडाकडं बघत उभा ऱ्हातोय. मी नगं कसं म्हणू गं?"

"जीव गेला असता मामा!"

"जीव काय, कवातरी जायाचाच. पर पोराचं हात रिकामं नसतं ऱ्हायलं." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला ह्यातलं काय सांगू नगंस."

मी हो म्हटलं. मला रडू आलं आणि संतापही आला. बाप मुलाच्या मायेपोटी उपाशी मरत होता, मुलगा बापाच्या मायेपोटी त्याला उपाशी मारत होता, आणि दोघांच्या मधे माझा फोटो असलेलं कात्रण होतं. मी डोळे पुसले आणि बाहेर गेले. दादा पायरीवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत होता.

"दादा, आत चल. काम आहे."

"मला नगं सांगूस काय. माझ्या हातानं..."

"तुझ्याच हातानं व्हायला पाहिजे. पुढल्या तारखेच्या आत मामांचं वजन वाढवायचंय. भाकरी, अंडी, उसळ, दूध, ताक. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. वहिनी रांधतील, भरवायचं तू. साखर किती ते यंत्रावर बघायला मी शिकवते. जमेल?"

तो उठला. आत गेल्यावर मामा त्याला म्हणाले, "ताक देणार असशील तर त्या बिवळ्याच्या प्याल्यातनंच दे. त्याची सवय झालीया."

महाशिवरात्र झाली आणि मामांची केमोथेरपी सुरू झाली. ती त्यांना झेपली. त्यानंतर त्यांनी चार हंगाम बघितले. शेवटच्या हंगामात गुऱ्हाळाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि दादा प्रत्येक काहिलीतला नखाएवढा गूळ त्यांच्या जिभेवर ठेवायचा. रोज दुपारी पेल्यातून ताक. माझ्या पेशी जेवल्या का, हे विचारायचं त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही.

ते गेले त्याला आता दहाएक वर्षं होतील. मी अजून त्याच विषयात काम करते. तुरट द्रव्यं आणि साखर, कुठलं दार लागतं आणि कुठलं उघडतं. आता आम्हाला तेव्हापेक्षा बरंच कळतं, तरी कुणी आजारी माणसासाठी अर्क मागायला आलं की मी तेच सांगते, ठाऊक नाही. आणि मग त्याला विचारते, घरात जेवण काय चाललंय.

मामांचं दिवसकार्य आटपलं त्या दुपारी दादा माझ्याशेजारी येऊन बसला. हातात तो पेला होता. मधोमध चिरला होता.

"शालन, खरं सांग. त्या काढ्याचा काय थोडा तरी गुण आला असंल का?"

मी त्याच्याकडं बघितलं. हो म्हणणं किती सोपं होतं. पण त्यानं खरं विचारलं होतं.

"नाही, दादा."

त्यानं मान हलवली. "आबा लई गोडीनं प्यायचं. कवा तोंड वाकडं केलं न्हाई."

मामांना मी शब्द दिला होता, तो पाळला.

"मग चार वर्सं कशानं काढली त्येंनी?"

"केमोनं. तू भरवलेल्या जेवणानं. आणि त्या दिवशी तुझ्या काकवीनं. ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं."

दादानं पेल्याच्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"ती तर जरा फुडं गेल्याली," तो म्हणाला, आणि पेला माझ्या हातात देऊन पाहुण्यांना पाणी द्यायला उठला.